बोरघाटातले उकळते पाणी

कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांमध्ये बोरघाटाची वाट अतिप्राचीन होय. कार्ले आणि भाजे येथील लेणी याच व्यापारी मार्गाच्या आश्रयाने कोरली गेली, लमाणांचे तांडे शतकानुशतके याच वाटेने मीठ आणि धान्य वाहत राहिले, 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत येथे चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि 1863 साली आगगाडीने हा घाट पार केला. रस्ता आणि लोहमार्ग या दोहोंचा तपशील सरकारी दफ्तरांतून सविस्तर सापडतो. परंतु विसाव्या शतकात मोटार हा घाट चढू लागल्यावर ‘गाडी का तापली’ या एका प्रश्नाभोवती चालक, क्लीनर आणि मिस्त्री यांनी जी विद्या उभी केली, तिची दखल कोणत्याही दफ्तराने घेतली नाही.

इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. जवळजवळ तेवढाच हिस्सा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो आणि उरलेला धुराबरोबर जातो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटरांची उंची थोडक्या अंतरात गाठताना इंजिन खालच्या गिअरात जोराने फिरते, गाडी मात्र संथ चालते, आणि त्यामुळे उष्णता सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच रेडिएटरमधून जाणारी हवा सर्वांत कमी असते. त्यातच उन्हाळ्याच्या दुपारी समुद्राकडून येणारा वारा चढणाऱ्या गाडीच्या पाठीशी असतो. प्रवाशाला तो सुखाचा वाटला तरी रेडिएटरला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. शिवाय खंडाळ्याच्या उंचीवर उघडे पाणी 100 ऐवजी सुमारे 98 अंशांवरच उकळते. म्हणूनच घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून नाणे वाहणे आणि त्याच मुक्कामी बॉनेट उघडून डब्याने पाणी घालणे, या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेने होत असत.

गाडी तापण्याचा हा दोष आपल्या घाटाने निर्माण केला, असे मात्र नव्हे. 1888 साली बेर्टा बेंझ ही आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली, तेव्हा त्या गाडीतले पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत जेथे मिळेल तेथे ते पुन्हा भरावे लागे; चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. पुढे विल्हेल्म मायबाख याने 1900 साली मर्सिडीज गाडीसाठी 8070 बारीक चौकोनी नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला आणि तेच पाणी थंड करून पुन्हापुन्हा फिरवणे सुकर झाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, आरंभीच्या सुमारे 2500 गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंप नव्हताच; गरम पाणी आपोआप वर चढे आणि थंड झालेले खाली उतरे. अशा रचनेत पाण्याची पातळी वरच्या होज पाइपच्या खाली गेली की प्रवाहच तुटतो. घाटापूर्वी रेडिएटर काठोकाठ भरून घेण्याच्या प्रथेमागचे कारण अशा जुन्या गाड्यांत सापडते.

चांगला मिस्त्री तापलेल्या गाडीला हात लावण्यापूर्वी तिची कैफियत घेई, आणि दोष शोधण्याच्या विद्येचे मर्म माझ्या मते येथेच आहे. गाडी चढावर संथ चालीत तापते आणि सपाटीला वारा लागताच निवते काय? तर दोष पंख्याकडे. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबून अर्ध्या इंचाहून फार अधिक दबला, तर तो सैल होऊन घसरतो आहे, हे उघड. सपाटीवर, वेगात असतानाच तापते काय? तर रेडिएटरच्या नळ्या गंजाने वा खाराने बुजल्या असाव्यात, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होत असावा. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात इंजिन तापते आणि रेडिएटर मात्र थंडच राहतो काय? तर थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला आहे. कोठेही गळती नसताना पाणी घटते, थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि ऑइलचा रंग ताकासारखा होतो, एवढी लक्षणे जुळली, की हेड गॅस्केट फुटल्याचा निर्णय पक्का. पाण्याच्या व्यवस्थेत काहीच वावगे न आढळल्यास ठिणगी उशिरा पडते काय, ब्रेक चाकाला धरून राहिले आहेत काय, हेही पाहावे लागते. ड्रमला हात जवळ नेताच त्याची धग जाणवते. आणि उष्णतामापकाचा काटा सामान्य असूनही गाडी बंद पडली, तर तो तापण्याचा दोषच नव्हे, पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडलेली असते. त्यावर इंधनाच्या पंपाला ओले फडके गुंडाळणे हा सर्वत्र माहीत असलेला इलाज होता.

या परंपरेत एक चूकही रूढ झाली आणि तिची नोंद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या हवेत थर्मोस्टॅटची जरुरी काय, असे म्हणून अनेकांनी तो सरसकट काढून टाकला; परिणामी इंजिन योग्य उष्णतेला उशिरा पोहोचू लागले आणि सिलिंडरांची झीज वाढली. तसेच वाटेतल्या विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने खार साचे आणि आज निवलेली गाडी उद्या अधिकच तापे.

रेडिएटरच्या दाबाच्या झाकणाने पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंशांच्या बराच वर नेला, त्यात शीतक मिसळू लागले, आणि 2002 साली पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने घाट सुलभ केला. तरीही मे महिन्यातल्या सुटीच्या दिवशी खंडाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग थबकली, की कडेला वाफाळणारी बॉनेटे आजही दिसतात. अशा वेळी तापलेले झाकण उघडू नये, कारण दाब सुटताच आतले पाणी क्षणार्धात उसळून तोंडावर येते. तसेच कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, कारण ओतीव लोखंडाला तडा जातो. इंजिन निवू द्यावे, आणि तेवढ्या अवकाशात गाडी केव्हा आणि कशी तापली, हे नीट आठवून ठेवावे. मिस्त्री पहिला प्रश्न तोच विचारणार आहे. खोपोली आणि लोणावळे येथे जुन्या पिढीचे जे मिस्त्री अद्याप हयात आहेत, त्यांच्याकडून ही प्रश्नावली त्यांच्याच शब्दांत उतरवून घेण्याचे काम आपल्या एखाद्या इतिहासाभ्यासकाने विनाविलंब हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.