जयचं राज्य

वाघ जंगलाचा राजा, असं आपण सहज बोलून जातो. पण राजा म्हटला की राज्य आलं, शीव आली, लढाई आली, वारस आले. हे सगळं आमच्या भागानं ज्याच्यापायी पाहिलं तो वाघ म्हणजे जय.

जय नागझिऱ्याचा, 2010 च्या सुमारास जन्मलेला. दोघं भाऊ, म्हणून लोकांनी 'शोले'वरून जय-वीरू नावं ठेवली. वाघाचं पोर दोनेक वर्षांचं झालं की आईला सोडतं. बापाच्या हद्दीतही त्याला थारा नसतो. 2013 मध्ये जय निघाला. मोठी सडक, नदी, गावं, धानाच्या बांध्या ओलांडत शंभरेक किलोमीटर दूर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. हे अभयारण्य तेव्हा नवंच होतं. जय आला अन् त्याला पाहायला जिप्सींची रांग लागली.

ढाण्या वाघाचं राज्य बसून चालत नाही बापा. एका नराच्या हद्दीत दोन-चार वाघिणी असतात, तेवढा सगळा मुलूख त्याला फिरून राखावा लागतो. झाडावर मुताची फवारणी, खोडावर नखांचे ओरखडे, ही त्याची शीव. फेरी चुकली की दुसरा नर आत शिरतो, आणि तो आधीच्याची पिल्लं मारतो. बाप खमक्या असेल तोवरच पोरं जगतात. जयची पोरं जगली, वाढली.

अभयारण्य जेमतेम 189 चौरस किलोमीटरचं. जयला ते पुरलं नाही. 2015 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली, तेव्हा कळलं की तो पार ब्रह्मपुरीच्या जंगलापर्यंत जातो. हे जंगल सलग नाही, मधे मधे आपली वावरं आहेत.

18 एप्रिल 2016 ला कॉलरचा शेवटचा संदेश आला. वनखात्यानं रान पालथं घातलं, पण ना वाघ सापडला ना त्याचं हाड. वर्षभरानं, एप्रिल 2017 मध्ये त्याचा पोरगा श्रीनिवास नागभीडच्या बाजूला सापडला, शेतात पुरलेला. कुंपणाच्या तारेतल्या करंटनं मेलेला.

ती तार वाघासाठी नव्हती. कापणीला आलेलं धान रानडुकरं एका रात्रीत लोळवतात, तेव्हा घरी काय रडारड होते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. भरपाईच्या कागदांत पुढचा हंगाम येतो. पण खांबावरून थेट सोडलेला करंट डुक्कर ओळखत नाही, वाघ ओळखत नाही, अन् पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारीही ओळखत नाही. झटका मशीनचा करंट थांबून थांबून येतो. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. ती मशीन जंगलाकाठच्या प्रत्येक धुऱ्यावर पोचली पाहिजे. वाघाची वाट तिथूनच जाते, आणि आपलीही.