२३ नोव्हेंबर १९१० : खेड्यातले साप्ताहिक ‘दीनमित्र’

सत्यशोधक विचारांचे मुकुंदराव पाटील यांच्या ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचा पहिला अंक या दिवशी निघाला. वृत्तपत्र म्हणजे पुण्या-मुंबईचा उद्योग, असा तो काळ. मुकुंदरावांनी मात्र अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातले खेडेच धरले. सुरुवात सोमठाण्यातून झाली आणि नेवासा तालुक्यातले तरवडी पुढे त्याचे कायमचे ठिकाण ठरले. पत्रकारिता तशी घरातलीच. जन्मदाते वडील ‘दीनबंधू’चे संस्थापक कृष्णराव भालेकर. सावकारी, भिक्षुकशाही, अंधश्रद्धा यांवर मुकुंदरावांनी रोखठोक, शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिले. ‘कुलकर्णीलीलामृत’ हे त्यांचे उपहासकाव्यही गाजले. अर्धशतकाहून अधिक काळ एकहाती संपादन ही खरोखरच दुर्मीळ चिकाटी. १९६७मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले.