इमर्जन्सीचा डॉक्टर कोण असतो आणि तिथे सरकारी योजना कशी चालते?

रात्री अकरा वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले की घरातला एक जण रिक्षा आणायला धावतो आणि दुसरा कपाटात रेशनकार्ड शोधत बसतो. उपनगरात दवाखाना चालवताना मला असे फोन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, योजना कुठे चालते?" प्रश्न रास्त आहे. पण त्या क्षणी तो पहिला नाही. हार्ट अटॅकची शंका असेल तर रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. मुलुंडहून योजनेतले रुग्णालय शोधत शहरभर फिरण्यात हाच वेळ जातो.

दारात भेटणारा डॉक्टर

महापालिकेच्या रुग्णालयात, म्हणजे घाटकोपरचे राजावाडी असो की जुहूचे कूपर, कॅज्युअल्टीत तुम्हाला आधी सीएमओ भेटतात. ते बहुधा एमबीबीएस असतात. रुग्ण तपासणे, धोका ओळखणे, पहिले उपचार सुरू करणे आणि पोलीस केस असेल तर नोंद करणे ही त्यांची कामे. पुढे मेडिसिन, सर्जरी किंवा हाडांचे डॉक्टर रुग्ण ताब्यात घेतात.

इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र शाखा म्हणून भारतात २००९ मध्ये मान्य झाली. म्हणजे शाखा तशी तरुण आहे, आणि तज्ज्ञांची संख्या अजून गरजेच्या मानाने कमीच. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी (इमर्जन्सी मेडिसिन) ही कायद्याने मान्य पदवी. काही मोठ्या खासगी रुग्णालयांत एमईएम लिहिलेले डॉक्टर दिसतात. परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने चालणारे हे प्रशिक्षण आहे. त्यातून तयार झालेले डॉक्टर कामात चांगले असू शकतात, पण एमईएम ही आपल्याकडे मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नाही. एमआरसीईएम ही ब्रिटनमधली परीक्षा आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचे आरएमओ बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते, त्यामुळे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव सापडले नाही म्हणजे माणूस बोगस आहे, असे लगेच समजू नका. पण गंभीर रुग्णाजवळ रात्री प्रत्यक्ष कोण थांबणार आणि तज्ज्ञ किती वेळात येणार, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पदवी तपासायची असेल तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहा. तो प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि फीच्या पावतीवर असायलाच हवा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्यावरून नाव शोधता येते. नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेही पाहा. मात्र हे सगळे निवांत असताना करायचे काम आहे. स्ट्रेचरपाशी उभे राहून नव्हे! आणि खरे सांगायचे तर डॉक्टरच्या पदवीइतकेच महत्त्वाचे आहे ते रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन, कॅथलॅब आणि रक्ताची सोय सुरू असते का. नसेल तर उत्तम डॉक्टरचेही हात बांधलेले असतात.

पैसे मागितल्याशिवाय उपचार

परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसांची औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. मुंबईतली अनेक नामवंत रुग्णालये धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना इमर्जन्सीत अनामत रक्कम न मागता रुग्ण स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. शिवाय निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. तिथे गेल्यावर समाजसेवा अधिकारी, म्हणजे एमएसडब्ल्यू, कुठे बसतात ते विचारा.

योजनेत डॉक्टर नसतो, रुग्णालय असते

"हे डॉक्टर योजना घेतात का?" असे लोक विचारतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा करार रुग्णालयाशी असतो. तोही त्या त्या शाखेसाठी. म्हणून बोरिवलीचे एखादे रुग्णालय किडनीच्या उपचारासाठी यादीत असेल, पण हृदयासाठी नसेल, असे घडते. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात हे ठरवणे नसते, त्यामुळे त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

१ जुलै २०२४ पासून एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही त्यात आली. पैसे मात्र ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर मिळतात. ईसीजी काढला, चार तास निरीक्षणाखाली ठेवले आणि घरी सोडले, तर तो खर्च कोणत्या पॅकेजमध्ये बसतो का, हे आधीच विचारून घ्या. बसला नाही तर बिल तुम्हालाच भरावे लागते.

तातडीच्या वेळी मंजुरीसाठी थांबावे लागत नाही. रुग्णालय फोनवर कळवून उपचार सुरू करू शकते आणि कागद नंतर ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. रात्री आरोग्यमित्र टेबलावर नसेल तर दाखल करून घेणाऱ्याला "आम्हाला योजनेतून करायचे आहे" असे तेव्हाच सांगा आणि सकाळी पहिल्यांदा आरोग्यमित्राला भेटा. योजना कॅशलेस आहे, त्यामुळे आधी बिल भरून नंतर परतावा मिळेल या भरवशावर राहू नका. कोणते रुग्णालय कोणत्या शाखेसाठी यादीत आहे, हे १५५३८८ वर कळते. हा फोन आजच करा आणि घराजवळच्या दोन रुग्णालयांची नावे लिहून ठेवा.

मरोळ, साकीनाक्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांकडे ईएसआयसीचे कार्ड असते. इमर्जन्सीत बाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर ईएसआयसीकडे परताव्याचा अर्ज करता येतो, मात्र तो ईएसआयसीच्या ठरलेल्या दरांनुसार. बिले आणि डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत जपून ठेवा.

रुग्णाला योजनेच्या रुग्णालयात हलवायचे असेल

जवळच्या खासगी रुग्णालयात जीव सावरला आणि पुढचा खर्च झेपणार नसेल, तर हलवण्यात काही चूक नाही. पण रुग्ण हलवण्याइतका स्थिर आहे का, हे डॉक्टरांनी सांगायचे. समोरच्या रुग्णालयात खाट आहे का, याची डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून खात्री करून घ्यावी. २०१४ पासून सुरू असलेल्या मोफत १०८ सेवेच्या गाडीत डॉक्टर असतो, तिचीही चौकशी करा. निघताना ट्रान्सफर समरी, ईसीजीची प्रत आणि सीटीच्या फिल्म किंवा सीडी हातात घ्या. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, ते समरीवर लिहिलेले आहे ना, एवढे पाहूनच गाडीत बसा.