माथेरानची गाडी : चूल पेटवायची कुणी आणि राख काढायची कुणी?



मुळशीत बसून आम्ही आज माथेरानच्या गाडीबद्दल का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाची सहल तिकडे गेली होती. अमन लॉज ते माथेरान एवढाच प्रवास आम्ही त्या छोट्या गाडीने केला. उतरल्यावर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "झुकझुक गाडी म्हणतात, पण धूर कुठंय?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता बरंच काही हाती लागलं.

माथेरान ही जागा 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे इंग्रजांच्या नजरेत आली. पण वर जायचं तर पायी, घोड्यावर नाहीतर पालखीतून. मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घरातल्या अब्दुल हुसेन यांनी इथं रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. काम 1904 मध्ये सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये, तोही त्या काळातला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे त्या कामाचे सल्लागार अभियंता. पंढरीच्या वारकऱ्यांना माहीत असलेली बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर. काही ठिकाणी चढ असा, की वीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. अशा वळणांसाठी जर्मनीहून चार खास इंजिनं मागवली. त्यांची पुढची-मागची चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकत.

आता धुराकडे येऊ. वाफेचं इंजिन म्हणजे मोठा बंबच. बटण दाबलं आणि सुरू झालं, असं होत नाही. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी कुणीतरी उठून आग पेटवायची, पाणी तापवायचं, वाफ धरेपर्यंत जवळ थांबायचं. वाटेत पुन्हा पाणी भरायचं; या मार्गावर 'वॉटर पाइप' नावाचं स्टेशनच आहे. संध्याकाळी राख काढायची. आपल्या बंबात जसे क्षार धरतात तसे बॉयलरमध्येही धरतात, म्हणून तो ठरावीक दिवसांनी थंड करून आतून धुवावा लागतो. दाब सांभाळला नाही तर जीवावर बेतेल, म्हणून तपासणी चुकवून चालत नाही. त्यात उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळलेलं, ठिणगी उडाली की वणव्याची भीती.

उतारावर तर आणखी माणसं लागत. डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले उभे असत. चालकाने शिट्टी दिली की त्या खुणेप्रमाणे ते हातानं ब्रेक आवळत. एकाचं लक्ष चुकलं तर सगळी गाडी धोक्यात.

म्हणून पन्नासच्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिनं थांबली. जुन्यांपैकी एक तर इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी नेऊन जपलं. आपल्या देशात दार्जिलिंगला काही फेऱ्या अजून वाफेवर चालतात. 1855 सालचं 'फेअरी क्वीन' इंजिनही 1997 मध्ये पुन्हा पर्यटकांसाठी धावलं. म्हणजे जमतं, पण फुकटात जमत नाही. जुन्या इंजिनाचा सुटा भाग दुकानात मिळत नाही, तो घडवून घ्यावा लागतो. घडवणारे आणि आगीचा अंदाज असणारे हात म्हातारे झाले आणि त्यांच्याकडून कुणी शिकलं नाही, तर इंजिन नुसतं रंग देऊन स्टेशनाबाहेर उभं करायच्या कामाचं उरतं.

आणि इंजिन कुठलंही असो, रूळ तर जागेवर हवेत. ताम्हिणीचा पाऊस आपल्याला माहीत आहे. तोच सह्याद्री, तोच पाऊस. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये सुरू झाला. 2016 मध्ये डबे रुळावरून घसरले म्हणून गाडी बंद झाली. 2019 च्या पावसात पुन्हा रूळ उखडले, ते पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी. गाडी थांबली की त्याचा फटका हॉटेलवाल्यापासून चिक्की विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना बसतो.

हे ऐकताना आम्हाला आमचं मिरची कांडप यंत्र आठवलं. कर्ज काढून घेतलं, नारळ फोडला, फोटो काढले. दुसऱ्याच हंगामात एक भाग तुटला आणि यंत्र तीन महिने झाकून ठेवावं लागलं. हप्ता मात्र थांबला नाही. कारण वहीत 'दुरुस्ती' असा रकानाच नव्हता, आणि यंत्र खोलता येणारी आमच्यात एकही नव्हती. आता दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतात आणि दोघीजणी काम शिकल्यात.

वारसा म्हणजे तरी वेगळं काय? उद्घाटनाला सगळे येतात. पहाटे चूल पेटवायला आणि रात्री राख काढायला कोण येणार, हे आधी ठरवावं लागतं. वाफेची गाडी पुन्हा धावावी असं आम्हालाही वाटतं. पण तिकिटाच्या पैशांत ती भागणार नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं खर्च सोसायचा आणि पुढच्या पोरांना काम शिकवायचं, तरच मावशींना धूर दिसेल.

तुमच्या गटाच्या वहीत दुरुस्तीचा रकाना आहे का? आज बैठक असेल तर जरूर बघा.