हिंदमातेपुढची दुधाची बँक

हिंदमाता म्हटलं की तुंबलेलं पाणी आणि कापडाची दुकानं आठवतात. पण याच आंबेडकर रोडने सरळ उत्तरेला गेलात की सायन हॉस्पिटल लागतं. तिथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. का? तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धड चोखता येत नाही, पावडरच्या दुधाने जंतुसंसर्गाची भीती, आणि आईला दूधच उतरलं नसेल तर? मग इतर आयांनी दिलेलं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, तपासायचं, गोठवायचं आणि लागेल तेव्हा नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. बस्स! आम्ही सर्व्हरचा बॅकअप ठेवतो, तसाच हा. अर्थात पहिला मान सख्ख्या आईच्या दुधाचाच, चमचाभर का असेना. पण ते येईपर्यंत बाळ जगायला तर हवं ना?