सिलोनच्या ख्रिस्तसभेचा पुनरुद्धार

एखाद्या धर्मग्रामास उतरती कळा लागली म्हणजे आपल्या मनात पहिला विचार येतो तो इमारतीचा. कौले गळू लागतात, बाकांवर माणसे विरळ दिसतात, आणि मग जीर्णोद्धारासाठी वर्गणीची यादी निघते. यादी काढू नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण आपल्याच गोव्याच्या एका सुपुत्राने जी ख्रिस्तसभा पुन्हा उभी केली, तिला इमारत नव्हती, पाद्री नव्हता, आणि तिच्या नावावर एक पैही नव्हती. ही हकीगत सतराव्या शतकातील सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची आहे.

पोर्तुगीजांच्या अमदानीत सिलोनचा ख्रिस्ती धर्म राजाच्या छत्राखाली वाढला. कोट्टेचा राजा धर्मपाल १५५७ साली ख्रिस्ती झाला आणि पुढे आपले राज्यच त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहून दिले. किनाऱ्यावर चर्चे उठली, मठ उठले, नावे नोंदली गेली. मग डच आले. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना पडले. डच हे सुधारणावादी पंथाचे. त्यांना पोर्तुगीज व्यापारी जितका नकोसा, तितकाच रोमन पाद्रीही. पाद्र्यांना हद्दपार करण्यात आले, आणि पाद्र्याला घरात थारा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविण्यात आली. चर्चे डचांच्या उपासनेकडे व शाळांकडे गेली. बाप्तिस्मा आणि विवाह डच चर्चमध्ये नोंदवावा, नाहीतर वारसाहक्कालाच मुकावे, असा बंदोबस्त झाला. लोकांनी नावे नोंदविली. कागदोपत्री सिलोनचा किनारा पाहता पाहता सुधारणावादी झाला.

जवळजवळ तीस वर्षे ही स्थिती होती. तीस वर्षांत एक पिढी मरते आणि एक पिढी प्रौढ होते. ज्याने आयुष्यात कधी मिस्सा पाहिली नाही असा बाप आपल्या मुलाला काय शिकवणार?

बाणावलीत २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेल्या आणि १६७६ मध्ये धर्मगुरू झालेल्या जुझे वाझ याच्या कानी ही अवस्था आली. त्याचे वडिलांकडील घराणे सांकवाळचे. सिलोनला जाण्यापूर्वी, १६८१ ते १६८४ या काळात, त्याने कानडा प्रांतात काम केले होते. तेथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांनी नेमलेला अधिकारी आणि रोमने नेमलेला अधिकारी यांच्या भांडणात दुभंगले होते. माणसे देवाला विसरल्यामुळेच नव्हे, तर धर्माधिकाऱ्यांच्या हक्कांच्या वादामुळेही ख्रिस्तसभा खचते, हा धडा त्याला तेथे पुरेपूर मिळाला असावा.

गोव्यास परतल्यावर १६८५ मध्ये तो जुन्या गोव्यातील काही देशी धर्मगुरूंच्या लहानशा मंडळात सामील झाला आणि त्यांचा प्रमुख झाला. संत फिलिप नेरी यांच्या नियमानुसार चालणारा हा ओरेटोरियन संघ. युरोपीय संन्यासी संघ देशी माणसाला सहसा आपल्यात घेत नसत, म्हणून या गोमंतकीयांनी आपला वेगळा संघ काढला. (या संघातही पुढे दीर्घकाळ ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती पुरुषांनाच प्रवेश होता, हे मात्र लपवून ठेवण्याचे कारण नाही. स्वतः दारातून परतलेल्या माणसाने दुसऱ्याला दार लावावे, हे आपल्याकडे नवे नाही.)

येथे एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १६८४ च्या जून महिन्यात गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीजच बोलावी. ती तीन वर्षे १६८७ मध्ये भरत होती. त्याच १६८७ मध्ये जुझे वाझ तुतिकोरीनहून होडीत बसला आणि परक्या लोकांची भाषा शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेला. फर्मान काढणाऱ्यांना धर्म टिकविण्याचा एक मार्ग दिसला होता, वाझला त्याच्या नेमका उलट.

सोबत होता जॉन नावाचा एक तरुण सेवक. अंगावर मजुराचे कपडे, पायांत काही नाही. ज्या रंगामुळे युरोपीय मठांची दारे बंद राहिली, त्याच रंगामुळे डच पहारेकऱ्यांच्या देखत हा माणूस बेटावर उतरू शकला. वादळाने होडी भरकटली, उपासमार झाली, आणि जाफन्यास पोहोचला तेव्हा तो अतिसाराने मरणोन्मुख झाला होता. बरा झाल्यावर दारोदार भीक मागू लागला. गळ्यात जपमाळ उघडी ठेवी. भिक्षा वाढणाऱ्याची नजर त्या माळेवर थबकली, की ते घर आपले, एवढी खूण त्याला पुरे होती. अशी घरे सापडत गेली. सिल्लालै नावाच्या गावात तर सारी वस्तीच निष्ठावंत निघाली. तमिळ तो लोकांतच शिकला, मिस्सा रात्री होई, आणि उजाडण्यापूर्वी पाद्री दुसऱ्या गावच्या वाटेला लागलेला असे.

१६८९ च्या नाताळच्या रात्री जाफन्यात डच सैनिकांनी प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर छापा घातला. वाझ निसटला, पण अनेकांना फटके बसले, आणि पुढाऱ्यांपैकी काहीजण त्या माराने व कैदेतील हालांनी मेले. पाद्री सापडला नाही म्हणून शिक्षा झाली ती संसारी माणसांना. ही ख्रिस्तसभा कोणी जगविली, याचे उत्तर शोधताना या माणसांना विसरून चालणार नाही.

१६९२ मध्ये तो कँडीच्या सिंहली राज्यात शिरला, आणि पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडला. कैदेत त्याने सिंहली भाषेचा अभ्यास केला. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने पुढे त्याला मोकळीक दिली. अवर्षणाच्या वेळी वाझच्या प्रार्थनेने पाऊस पडला अशी परंपरा आहे. मला स्वतःला १६९७ ची साथ अधिक बोलकी वाटते. कँडीत देवी पसरल्या. ज्यांना शहर सोडता आले ते सोडून गेले, आणि रोगी रानात टाकले गेले. नुकताच गोव्याहून आलेला जुझे कार्व्हाल्यु आणि वाझ या दोघांनी रोग्यांना शोधून झोपड्यांत निजविले, त्यांची घाण काढली, पेज भरविली, मेलेल्यांना पुरले. धर्म विचारला नाही. राजाचे अभय टिकले ते यानंतर.

मूठभर पाद्री आणि पसरलेले बेट, हा हिशेब कधीच जुळणारा नव्हता. म्हणून गावोगाव एक वडीलधारा मुखिया आणि एक धर्मशिक्षक नेमण्यात आला. त्याला तेथे 'मूप्पू' आणि 'अण्णावी' अशी नावे होती. रविवारी प्रार्थना सांगणे, मुलांना धडे देणे, मरणाच्या दारातील मुलाला बाप्तिस्मा देणे, ही कामे तेच करीत. पाद्री वर्षातून एकदोनदा येई, पण रविवार चुकत नसे.

भाषेचे काम पुढे नेले ते दिवाडीच्या जाकोम गोन्साल्व्हिस याने. १७०५ मध्ये तो सिलोनात आला आणि १७४२ मध्ये तेथेच वारला. 'देव वेद पुराणय' हा त्याचा सिंहली ग्रंथ. नाव ऐकताच आपल्याला फादर स्टीफन्सचे १६१६ मध्ये छापलेले मराठी क्रिस्तपुराण आठवावे. ख्रिस्ताची कथा देशी श्रोत्याला पुराणाच्या रूपाने सांगावी, ही साष्टीतील जुनी रीत दिवाडीच्या या पुत्राने सिंहलीत रुजविली असे म्हटले तर ते धाडसाचे होणार नाही. उपवासकाळात ख्रिस्ताचे दुःखभोग आळवून म्हणण्याची तेथील परंपरा त्याच्या लिखाणाशी जोडलेली आहे.

१७९६ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये कॅथलिकांवरील निर्बंध उठले. तेव्हा डचांच्या वह्यांतील सुधारणावादी ख्रिस्ती झपाट्याने ओसरले. नोंद होती तोवर नाव होते. कॅथलिक मात्र रानातून आणि कोळीवाड्यांतून उजळ माथ्याने बाहेर आले.

इकडे गोव्यात १८३५ मध्ये संन्यासी संघ मोडले गेले. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियनांच्या ओसाड पडलेल्या भव्य चर्चची कमान १८४२ मध्ये कोसळली, आणि त्याचा अर्धा मनोरा आजही उभा आहे. जुझे वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला कोलंबोत संतपद दिले. अठराव्या शतकाच्या मध्यास कँडीचा राजाश्रय गेला आणि तेथील चर्चही गेले. त्याच्या थडग्याची जागा आज कोणालाही निश्चित दाखविता येत नाही.