परवचा ते गुणपत्रिका : गणिताचा घरगुती निकाल

१/ मुलाला गणित किती येते, हे आजचे पालक गुणपत्रिकेवरून ताडतात. जुन्या महाराष्ट्रात ते कानांनी कळे.

२/ पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत आणि पाढे घोकीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही त्यांत असत. दिवेलागणीला घरी परवचा होई. मूल कोठे अडखळले, हे वडीलधाऱ्यांना तत्क्षणी कळे.

३/ या पाठांतराची कसोटी बाजारात लागे. रुपयाचे १६ आणे. अडीच आणे शेर दराने ७ शेर धान्याचे साडेसतरा आणे, म्हणजेच एक रुपया दीड आणा. अडीचकी येणाऱ्याला कागद लागत नसे.

४/ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. लेखी परीक्षांचे महत्त्व वाढत गेले. निकाल कागदावर आला. निरक्षर पालकाला तो दुसऱ्याकडून वाचून घेणे भाग पडले.

५/ १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. अपूर्णांकांच्या पाढ्यांची व्यवहारातील गरज ओसरली.

६/ परवच्याने पाठांतर कळे, समज कळेच असे नाही. गुणांचा आकडा मात्र मूल नेमके कोठे अडले, हेही सांगत नाही. त्यासाठी पालकाला आजही मुलाजवळ बसून ऐकावेच लागते.